लॅपटॉप घरचं वाय-फाय सोडून हॉटस्पॉटला का चिकटतो, आणि त्याला वळण कसं लावायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज ११ चा लॅपटॉप, घरी फायबरचं कनेक्शन, राउटरची दोन नावं: एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ लावलेलं. लाइट गेली असताना एकदा मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला होता. तेव्हापासून अधूनमधून सकाळी पाहावं तर लॅपटॉप हॉटस्पॉटवर बसलेला, आणि फोनचा दिवसाचा दीड जीबी डेटा नऊ वाजायच्या आत संपलेला. शिवाय बाल्कनीत बसलं की सोसायटीच्या क्लबहाउसचं बिनपासवर्डचं वाय-फाय पकडतो आणि ‘नो इंटरनेट’ दाखवत बसतो. कोणीतरी सल्ला दिलाय की ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ ही सर्व्हिसच (विंडोजमध्ये मागे सतत चालणारा एक प्रोग्रॅम) बंद करून टाका. करावी का? आणि मुलीच्या मॅकवरही असाच काहीसा प्रकार आहे, त्याचं काय?

सर्व्हिसचं आधी सांगतो, म्हणजे उत्तर वाचता वाचता कोणी बंद करून बसायला नको. ती बंद करू नका. विंडोजमध्ये वाय-फायचा सगळा कारभार तीच सर्व्हिस पाहते: आसपासची नेटवर्कं शोधणं, पासवर्ड देणं, जोडणं, तुटलं तर परत जोडणं. ती थांबवली की ऑटोमॅटिक जोडणी तर थांबतेच, पण हाताने जोडायची सोयही जाते. टास्कबारवरची वाय-फायची यादीच रिकामी होते. मग दोन महिन्यांनी कोणीतरी ‘वाय-फाय कार्ड गेलंय’ म्हणून लॅपटॉप दुकानात नेतो, आणि तिथे पाचशे रुपये घेऊन तीच सर्व्हिस चालू करून देतात. हे मी पाहिलेलं आहे.

आता मूळ दुखणं. बहुतेकांची समजूत अशी की लॅपटॉप आसपासची सगळी नेटवर्कं तपासतो आणि सगळ्यात दमदार सिग्नल निवडतो. तसं नाही. तो सगळ्यात चांगलं नेटवर्क शोधतच नाही, ओळखीचं शोधतो. आजवर जिथे जिथे ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची टिक ठेवून पासवर्ड टाकला, त्या प्रत्येक ठिकाणाचं एक प्रोफाइल, म्हणजे नाव आणि पासवर्डची नोंद, त्याच्याकडे जपलेलं असतं. त्या प्रोफाइलांना क्रम असतो. लॅपटॉप चालू झाला किंवा झोपेतून उठला की हवेत काय काय आहे ते पाहतो, आपल्या यादीशी ताडून पाहतो, आणि यादीत जे वर असेल आणि त्या क्षणी हवेत सापडेल, त्याला जोडतो. आणि एकदा जोडलं की काम झालं. गावात उतरलेला पाहुणा पहिल्या ओळखीच्या घरी पिशवी ठेवतो आणि शेजारी सख्ख्या मावशीचं दार उघडलं तरी उठत नाही, तसं त्याचं असतं.

‘त्या क्षणी हवेत सापडेल’ हे शब्द महत्त्वाचे, कारण तुमच्याकडचा घोटाळा तिथेच होत असणार. पहाटे किंवा सकाळी लाइट जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे, फोनला बॅटरी आहे, राउटरला नाही. राउटर विझला की लॅपटॉपचं कनेक्शन तुटतं, तो यादी काढतो, आणि मुलाचा हॉटस्पॉट चालू असेल तर तिथे जाऊन बसतो. पाच मिनिटांनी लाइट येते. पण राउटर लगेच उभा राहत नाही. आधी तो स्वतः सुरू होणार, मग फायबरच्या डब्याची पलीकडच्या एक्स्चेंजशी ओळखपरेड होणार, मग इंटरनेट येणार. यात दोन-चार मिनिटं सहज जातात. तोवर लॅपटॉप हॉटस्पॉटवर सुखात असतो आणि त्याला उठायचं काहीच कारण नसतं. त्यातच विंडोजला एखादं अपडेट उतरवायची लहर आली, की दीड जीबी संपायला कितीसा वेळ लागतो.

फोनच्या बाजूनेही एक गंमत आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ‘कोणीच जोडलेलं नसेल तर काही मिनिटांनी हॉटस्पॉट आपोआप बंद’ अशी सोय असते, आणि मुलगा त्या भरवशावर हॉटस्पॉट बंद करत नसेल. पण लॅपटॉप चिकटून आहे तोवर ‘कोणीच जोडलेलं नाही’ अशी वेळ येतच नाही. लॅपटॉपमुळे फोनचा हॉटस्पॉट चालू राहतो, आणि हॉटस्पॉट चालू म्हणून लॅपटॉप तिथे अडकून पडतो.

यादीच्या क्रमाचं दुसरं कारण तुम्ही प्रश्नातच दिलंय. विंडोजमध्ये नवीन प्रोफाइल तयार झालं की ते यादीच्या शेवटी जात नाही, सगळ्यात वर बसतं. (कंपनीने आपल्या धोरणातून टाकलेली नेटवर्कं तेवढी त्याच्याही वर असतात.) म्हणजे घरचं वाय-फाय दोन वर्षांपूर्वी जोडलेलं आणि हॉटस्पॉट गेल्या महिन्यात, तर हॉटस्पॉट वर. शिवाय एका नेटवर्कच्या टप्प्यात असताना तुम्ही मुद्दाम दुसरं निवडलंत, तर विंडोज समजतं की यांना दुसरं जास्त आवडतं. यात त्याची चूक नाही. तुम्ही एका अडचणीच्या वेळी केलेली निवड त्याने कायमची आवड म्हणून लिहून ठेवली, एवढंच.

विंडोज ७ मध्ये ही यादी समोर दिसायची आणि बाण दाबून नावं वर-खाली करता यायची. विंडोज ८ पासून ती खिडकीच काढून टाकली. हा निर्णय मला आजही पटलेला नाही. सामान्य माणसाला त्रास नको म्हणून सोय काढली, आणि आता सामान्य माणूस काळ्या खिडकीत कमांड टाइप करत बसतो.

आता करायचं काय. सगळ्यात आधी यादी साफ करा. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘वाय-फाय’, त्यात ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’. इथे जे दिसेल ते पाहून बहुतेक लोक चकित होतात: चार वर्षांपूर्वीच्या महाबळेश्वरच्या हॉटेलचं नेटवर्क, लग्नाच्या हॉलचं, दातांच्या दवाखान्याचं, जुन्या राउटरचं, विकून टाकलेल्या फोनचा हॉटस्पॉट. जिथे परत जायचं नाही ते सगळं ‘फर्गेट’ करा. बिनपासवर्डचं तर एकही ठेवू नका. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगतो. क्लबहाउसचा प्रश्न इथेच मिटतो.

राहिलेल्यांत दोन प्रकार करा: आपोआप जोडायची आणि हाताने जोडायची. नावावर क्लिक केलं की ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज’ अशी टिक दिसते. घरचं आणि ऑफिसचं सोडून बाकी सगळ्यांची ती काढा. मुलाच्या हॉटस्पॉटची तर नक्कीच. पासवर्ड जपलेलाच राहतो. लाइट गेली आणि खरोखर गरज पडली की दोन क्लिकमध्ये हॉटस्पॉट जोडता येतो. फक्त तेव्हा ‘कनेक्ट’च्या बटणाजवळची ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची टिक पुन्हा पडलेली नाही ना, एवढं बघा. निम्मे लोक इथेच घसरतात: सेटिंग्जमध्ये टिक काढतात, आठवड्याने टास्कबारवरून जोडताना परत टाकतात, आणि मग ‘तुमचा उपाय टिकला नाही’ म्हणून फोन करतात.

त्याच पानावर हॉटस्पॉटसाठी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मीटर्ड म्हटलं की विंडोज समजतं की इथला डेटा मोजून मिळतो; बहुतेक अपडेटं तो तिथे आपणहून उतरवत नाही, वनड्राइव्हचं सिंक थांबवता येतं, आणि बरीच ॲप्स हात आखडता घेतात. उद्या चुकून लॅपटॉप हॉटस्पॉटवर गेलाच तरी नुकसान पूर्वीएवढं होणार नाही. माझ्या मते हॉटस्पॉट वापरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करायची ही गोष्ट आहे, आणि जवळपास कोणी करत नाही.

क्रम बदलायचा असेल तर बिनकमांडची एक युक्ती आहे. नवीन प्रोफाइल वर बसतं, हे आपण पाहिलंच. मग त्याचाच फायदा घ्या: जी दोन-तीन नेटवर्कं ठेवायची आहेत ती सगळी ‘फर्गेट’ करा आणि उलट्या क्रमाने पुन्हा जोडा. सगळ्यात कमी महत्त्वाचं आधी, सगळ्यात लाडकं शेवटी. शेवटी जोडलेलं यादीत पहिलं. हे करण्याआधी पासवर्ड हाताशी लिहून ठेवा. राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवरचा पासवर्ड बसवायला आलेल्या माणसाने बदललेला असू शकतो.

कमांडची भीती नसेल तर हेच काम जास्त नेटकं होतं. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. तिथे ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स’ असं टाइप करा; अर्थात इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत, प्रत्येक शब्दामध्ये एक जागा सोडून. जपलेली सगळी नावं येतात, आणि ती ज्या क्रमाने येतात तोच पसंतीचा क्रम. मग ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट प्रोफाइलऑर्डर’, पुढे ‘नेम’ बरोबर अवतरणात नेटवर्कचं नाव, ‘इंटरफेस’ बरोबर अवतरणात ‘वाय-फाय’, आणि ‘प्रायॉरिटी’ बरोबर १. (‘बरोबर’ म्हणजे इथे = हे चिन्ह.) नाव जसंच्या तसं हवं: लहान-मोठी अक्षरं, मधल्या जागा, शेवटी चुकून राहिलेली एखादी जागासुद्धा. ‘इंटरफेस’चं नाव सगळ्यांचं ‘वाय-फाय’च असतं असं नाही, यूएसबीचं वाय-फाय लावलेलं असेल तर ‘वाय-फाय २’ वगैरे असतं. ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ दिलं की खरं नाव कळतं. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत ही शेवटची कमांड चालवताना लोकेशनची परवानगी मागितली जाते. घाबरू नका, आसपासच्या राउटरांवरून तुम्ही कुठे आहात हे ओळखता येतं, म्हणून ती माहिती आता लोकेशनमध्ये धरतात.

ती कमांड चालवलीच आहे तर त्यातली ‘सिग्नल’ची ओळही पाहा. विंडोज तो टक्क्यांत दाखवतं, आणि त्या टक्क्यांमागचा हिशेब साधा आहे (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक; आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला): उणे ५० डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल म्हणजे १०० टक्के, उणे १०० म्हणजे शून्य, मधलं सरळ प्रमाणात. म्हणजे ६० टक्के हे उणे ७० डीबीएम झालं. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायचा तर उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला सिग्नल धरतात, म्हणजे पासष्ट-सहासष्ट टक्के. ‘चार काड्यांपैकी तीन दिसतात’ यापेक्षा हा आकडा कामाचा. घरात लॅपटॉप घेऊन फिरा आणि खोलीखोलीतून हा आकडा बघा. राउटर टीव्हीच्या मागे कोंबल्याची किंमत दिसते.

आता तो पाहुण्याला उठवायचा मुद्दा. हॉटस्पॉटवर असताना घरचं वाय-फाय परत आलं तर लॅपटॉपने आपणहून तिकडे जावं, अशी सोय विंडोजमध्ये आहे, फक्त लपवलेली आहे. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाइप करून एंटर मारा. जुन्या कंट्रोल पॅनेलची खिडकी उघडेल. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेला असतानाच तिथे ‘वाय-फाय’वर डबल क्लिक करा, मग ‘वायरलेस प्रॉपर्टीज’. समोर तीन चौकटी येतात. पहिली ओळखीची: टप्प्यात आलं की आपोआप जोड. दुसरी: या नेटवर्कवर असतानाही दुसरी वायरलेस नेटवर्कं शोधत राहा. तिसरी: नाव प्रसारित होत नसेल तरी जोड. यातली दुसरी चौकट हॉटस्पॉटच्या प्रोफाइलवर टिक करा. मग यादीत वर असलेलं घरचं नेटवर्क परतलं की लॅपटॉप हॉटस्पॉट सोडून तिकडे जाऊ शकतो. घरच्या नेटवर्कवर मात्र ही टिक नको. तिथे ती ठेवली तर लॅपटॉप उगाच इकडेतिकडे डोकावत राहतो आणि मीटिंगच्या मधेच एखादा झटका बसतो.

तिसऱ्या चौकटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वाय-फायचं नाव लपवल्याने सुरक्षितता वाढते ही जुनी समजूत आहे आणि चुकीची आहे. लपवलेलं नाव शोधायला लॅपटॉपलाच ‘अमुक आहेस का, अमुक आहेस का’ अशी हाक मारावी लागते, आणि ती तो घरीच नाही, स्टेशनवर, कॅफेत, सगळीकडे मारत फिरतो. म्हणजे घरात लपवलेलं नाव बाहेर गावभर सांगितलं जातं. शिवाय घरातही ते नाव खरं लपत नाहीच. कुठलंही उपकरण जोडलं जाताना ते हवेत उघडपणे जातं. नाव दिसू द्या, पासवर्ड लांब ठेवा.

आता बिनपासवर्डच्या नेटवर्कांचं. पासवर्डच्या नेटवर्कमध्ये जोडणीच्या वेळी दोन्ही बाजूंना सिद्ध करावं लागतं की पासवर्ड आपल्याला माहीत आहे. लॅपटॉपलाही आणि राउटरलाही. त्यामुळे तुमच्या घरच्या नावाचं बनावट नेटवर्क कोणी उभं केलं, तरी पासवर्ड माहीत नसेल तर लॅपटॉप तिथे जोडला जात नाही. उघड्या नेटवर्कला मात्र ओळख म्हणजे फक्त नाव, आणि नाव कोणीही ठेवू शकतं. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल (रेल्वेची दूरसंचार कंपनी) आणि गूगलचं मोफत वाय-फाय सुरू झालं आणि मग देशभरच्या स्टेशनांवर ‘रेलवायर’ हे नाव पोचलं. सोय चांगली आहे. पण स्टेशनवर एकदा वापरून ते आपोआप जोडायच्या यादीत राहिलं, तर त्याच नावाने शेजारच्या टेबलावर कोणी छोटं यंत्र लावलं की लॅपटॉप बॅगेत असतानासुद्धा त्याला जोडला जाऊ शकतो. २००४ सालीच दोन सुरक्षा-संशोधकांनी ‘कर्मा’ नावाचं हत्यार दाखवलं होतं: लॅपटॉप ज्या नावाला हाक मारेल, त्या नावाने हे यंत्र ‘हो, मीच’ म्हणून ओ देतं. आजचे लॅपटॉप पूर्वीसारखी सरसकट हाक मारत नाहीत, बहुतेक वेबसाइटही आता एन्क्रिप्शनवर (मधल्या कोणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात) चालतात, त्यामुळे तेव्हाइतका धोका उरलेला नाही. तरीही उघडं नेटवर्क वापरून झालं की ‘फर्गेट’ करायची सवय फुकट आहे.

ऑटोमॅटिक जोडणीच्या इतिहासात याहून मजेदार प्रकरण एक्सपीच्या काळातलं आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत ‘वायरलेस झीरो कॉन्फिगरेशन’ नावाची सर्व्हिस होती, आजच्या ऑटोकॉन्फिगची आई. त्या काळात विमानतळांवर ‘फ्री पब्लिक वायफाय’ नावाचं नेटवर्क दिसायचं. लोक खुशीने जोडायचे, इंटरनेट काही मिळायचं नाही. ते मुळात विमानतळाचं नव्हतंच. कुठल्यातरी प्रवाशाच्या लॅपटॉपने उभं केलेलं, संगणक-ते-संगणक जातीचं नेटवर्क होतं. एक्सपीची खोड अशी की ओळखीचं काहीच सापडलं नाही तर तो पूर्वी जोडलेल्या अशा नेटवर्कच्या नावाने स्वतःच प्रसारण सुरू करायचा. मग ज्याने ज्याने त्याला जोडलं, तो पुढच्या विमानतळावर स्वतः तेच नाव मिरवायचा. कोणी व्हायरस लिहिला नाही, तरी एक नाव जगभर पसरलं. एक्सपीच्या २००८ च्या मोठ्या अपडेटमध्ये, सर्व्हिस पॅक ३ मध्ये, ती खोड काढली.

तुमच्या राउटरच्या दोन नावांबद्दल. साधं नाव २.४ गिगाहर्ट्झचं, ‘५जी’वालं ५ गिगाहर्ट्झचं, मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. २.४ भिंतींतून जास्त लांब जातं पण हळू असतं आणि इमारतीतल्या सगळ्या राउटरांची तिथे दाटी असते. ५ वेगवान, पण दोन जाड भिंती मध्ये आल्या की दमतं. दोन्ही नावं लॅपटॉपवर आपोआप जोडायला ठेवली की तो कधी या, कधी त्या नावावर दिसतो, आणि लोकांना वाटतं इंटरनेट कमी-जास्त होतंय. लॅपटॉप जिथे बसून वापरता तिथे ५ चा सिग्नल साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर असेल तर फक्त तेच आपोआप ठेवा, २.४ हाताने. नाहीतर राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या. मग लॅपटॉपसाठी ते एकच नेटवर्क ठरतं आणि कुठला पट्टा (२.४ की ५) घ्यायचा ते लॅपटॉपचं कार्ड आणि राउटर मिळून ठरवतात. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. फक्त घरात जुना सीसीटीव्ही कॅमेरा किंवा स्मार्ट प्लग असेल, ज्याला २.४च लागतं, तर तो जोडून होईपर्यंत ५ तात्पुरतं बंद करावं लागतं.

एका नावाच्या आत कधी कुठे उडी मारायची हे कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ठरवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये इंटेलच्या कार्डांना ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’ आणि ‘प्रिफर्ड बँड’ अशा ओळी मिळतात. बँडमध्ये ५ ला पसंती द्यायला हरकत नाही. रोमिंग मात्र मधल्या पायरीवर आहे ते तसंच असू द्या. ‘हायेस्ट’ केलं की नेट पळायला लागतं असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. एकच राउटर असलेल्या घरात त्याचा उपयोग शून्य, उलट कार्ड सारखं पर्याय धुंडाळत राहतं.

झोपेतून उठल्यावर घरचं वाय-फाय सापडायलाच वेळ लागत असेल, तर त्याच खिडकीत ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवरची ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची मुभा’ काढून पाहा. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत तो टॅबच नसतो. नसेल तर सोडून द्या.

एवढं करूनही मूळ कारण राहतंच: लाइट गेली की राउटर विझतो. त्यावर संगणकातला कुठलाही उपाय चालत नाही. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे यूपीएस बाजारात मिळतात. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवून घ्या. आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा. नुसता राउटर जिवंत ठेवला तर वाय-फाय पूर्ण दिसतं आणि इंटरनेट नसतं, आणि तो गोंधळ निस्तरायला जास्त वेळ जातो. टेबलावर कायम एकाच जागी काम करत असाल तर केबलच लावा. केबल आणि वाय-फाय दोन्ही असतील तर विंडोज केबलला झुकतं माप देतं. पोर्ट नसेल तर यूएसबीचं लॅन ॲडॅप्टर चालतं.

‘फर्गेट’ केलेलं नेटवर्क काही दिवसांनी पुन्हा यादीत दिसलं तर भूत समजू नका. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर तुमचे दोन संगणक असतील आणि सेटिंग्ज सिंक होत असतील तर वाय-फायचे पासवर्डही एकाकडून दुसऱ्याकडे येऊ शकतात. दोन्हीकडून काढा.

मॅकचं थोडक्यात. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘वाय-फाय’, तिथे हॉटस्पॉटच्या नावापुढच्या तीन ठिपक्यांतून ‘ऑटो-जॉइन’ बंद करा. पूर्वी मॅकमध्येही नावं ओढून क्रम लावता यायचा. २०२२ च्या व्हेंच्युरापासून ती सोय पडद्यावरून गेली, टर्मिनलच्या (मॅकमधली कमांडची खिडकी) ‘नेटवर्कसेटअप’ कमांडमध्ये तेवढी उरली. मुलीच्या मॅकबरोबर आयफोनही असेल आणि आयक्लाउड कीचेन (ॲपलची पासवर्ड सगळ्या उपकरणांवर सारखे ठेवायची सोय) चालू असेल, तर एक सांभाळा: मॅकवर ‘फर्गेट’ केलेलं नेटवर्क तिच्या फोनवरूनही जातं. म्हणून तिथे ‘फर्गेट’पेक्षा ‘ऑटो-जॉइन’ बंद करणं बरं. ऑप्शनचं बटण दाबून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो.

घरात कोणाकडे उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची एक जात) असेल तर त्याला सगळ्यात सोपं आहे. त्यातल्या नेटवर्कमॅनेजरमध्ये प्रत्येक कनेक्शनला ‘ऑटोकनेक्ट प्रायॉरिटी’चा आकडा देता येतो, मूळ आकडा शून्य. घरच्याला १०, हॉटस्पॉटला उणे १० दिलं की झालं.

कंपनीचा लॅपटॉप असेल तर यातलं काही करू नका. त्यातली नेटवर्कं आणि त्यांचा क्रम कंपनीच्या धोरणातून आलेला असतो, आयटीवाल्यांना सांगा.

हे सगळं करून आठवडाभर वापरा. तरी लॅपटॉप हॉटस्पॉटवर उडी मारलेला दिसला तर ॲडमिनिस्ट्रेटरच्याच काळ्या खिडकीत ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ द्या. गेल्या तीन दिवसांचा अहवाल वेबपानाच्या रूपात तयार होतो आणि तो कुठे ठेवलाय ते खाली छापून येतं. उघडल्यावर वर एक आलेख दिसतो. त्यातली लाल वर्तुळं म्हणजे बिघाड. खाली प्रत्येक जोडणीचं नाव, सुरू झाल्याची वेळ, तुटल्याची वेळ आणि तुटण्याचं कारण असतं. घरचं तुटून हॉटस्पॉट जोडलं गेलं तेवढ्या दोन-तीन ओळी आणि त्या वेळी लाइट गेली होती की नाही, एवढं कळवा. अहवाल पूर्ण पाठवू नका; त्यात तुमच्या संगणकाची आणि नेटवर्कची बरीच खासगी माहिती असते.